बंद केल्यावर उठणारी चुडैल

त्या नवमीची दुपार मी विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तरी कुणी म्हटलं की साहेब, एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडी आधी चुडैलचीच येते. नावं कुणाचीच देत नाही. गावाचंही देत नाही. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या केसमधली माणसं अजून आपापल्या कामाला लागलेली आहेत.

आधी स्वतःबद्दल थोडं सांगतो, कारण त्याचा केसशी संबंध आहे. मी कोल्हापूरकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. भरतीच्या निमित्तानं एवढ्या लांब आलो, शिपाई झालो, आणि इथल्या लोकांनी सांभाळून घेतलं म्हणून सहायक फौजदारापर्यंत पोचलो. आता वर्ध्याजवळ पिपरी मेघेत राहतो. लिहिण्याची धास्ती मात्र अजून गेलेली नाही. जबाब लिहिला की तो तीनदा वाचायचा, तिसऱ्यांदा मोठ्यानं, ही माझी सवय ठाण्यात चेष्टेचा विषय होती. आमचा रायटर, म्हणजे ठाण्यातला लिखापढीचा हवालदार, म्हणायचा, "साहेब, पाठ करून राह्यले का जी? उद्या परीक्षा हाय का?" मी हसून सोडून द्यायचो, पण वाचायचो तीनदाच.

नवरात्रात गावाबाहेरच्या मैदानावर मेळा लागला होता. पाळणे होते, फुगे फोडायच्या बंदुका होत्या आणि एक भूतबंगला होता. भूतबंगले मी पुष्कळ पाहिले होते. आत तीन-चार माणसं दोऱ्या ओढत बसतात आणि बाहेरून आलेला किंचाळतो. हा मात्र कॉम्प्युटरवर चालायचा. मालक तिशीतला, व्हिडिओ बघून बघून शिकलेला. त्यानं एका फळीवर आठ छोटी निळी डबडी बसवून घेतली होती. प्रत्येक डबडं म्हणजे एक बटणच, फक्त हातानं दाबायचं नाही. कॉम्प्युटरचा हुकूम आला की आतली पट्टी टक् करून सरकते आणि पुढच्या वस्तूला करंट मिळतो. याला रिले म्हणतात. एका रिलेवर लाल दिवे, एकावर धूर, एकावर करकरणारा दरवाजा आणि एकावर चुडैल.

चुडैल म्हणजे पेटीतून ताडकन उठणारी बाहुली. वर रबरी तोंड, लांब केस, पांढरं लुगडं. आत मात्र लोखंडी सांगाडा आणि त्याला उचलणारा हवेच्या दाबावरचा दांडा. करंट मिळाल्यावर दांड्यात हवा भरायला दोन-तीन सेकंद लागायचे, मग ती उसळायची. ती उठली की धडधाकट गडीसुद्धा मागं सरायचे.

आत एक जिवंत माणूस होता. काळे कपडे, तोंडाला राख. त्याला सगळे भूतच म्हणायचे, मीही इथं तेच म्हणतो. दुपारचे खेळ संपले की चुडैलचे केस सारखे करायचे, लुगडं नीट करायचं, हे त्याचं रोजचं काम. पेटीत वाकण्याआधी तो आतून ओरडायचा, "बंद कर!" मग बाहेर कॉम्प्युटरजवळ बसलेला वायरमन लाल बटण दाबायचा. त्या बटणानं आठही रिले एकदम बंद होत. वायरमननं "बंद!" अशी हाक परत दिली की मगच भूत पेटीत वाकणार. हा त्यांचा नेम होता, आणि चांगला नेम होता.

नवमीला दुपारी चारच्या सुमारास ठाण्यात फोन आला. "भुताले लागलं साहेब, लवकर या!" फोन घेणारा अंमलदार हसायलाच लागला. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि निघालो. बाकी सगळा स्टाफ दुर्गादेवीच्या बंदोबस्ताला होता, म्हणून हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं.

भुताचा जबडा मोडला होता. ऑटोत घालून त्याला दवाखान्यात नेलं होतं, तिथून वर्ध्याला हलवलं. मैदानात रांगेतली माणसं उभी होती. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. एकानं ऐकलेलं दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून हे असंच करावं लागतं. पाच जणांनी एकच सांगितलं. भूत आतून ओरडलं "बंद कर", वायरमननं बटण दाबलं, "बंद" म्हणाला, आणि त्यानंतर लगेच आतून आदळल्याचा आवाज आला.

वायरमन चाळिशीचा, समुद्रपूरकडचा. हात मांडीवर घट्ट धरून बसला होता.

"बटण कुणी दाबलं?"

"म्या दाबलं साहेब."

"मग काय झालं?"

"उठली."

"बंदचं बटण दाबलं आणि उठली?"

"हो जी. तेच तं समजून नाई राह्यलं."

मला ते पटलं नाही. दिवा बंद केला की दिवा लागतो, असं कुणी सांगितलं तर पोलीस ते लिहून घेतो, विश्वास ठेवत नाही.

तेवढ्यात बंदुकीच्या दुकानवाल्यानं मला खूण केली. फुग्यांच्या फळीमागं नेऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, माहं नाव नका घेऊ. पण चार दिवसाआधी या दोघायचं लागलं होतं. भुतानं मागून जाऊन याच्या खांद्यावर चुडैलचा हात ठेवला. हा चालू बोर्डात काम करून राह्यला होता. दचकला, हात वायरीले लागता लागता वाचला. मंग हा बोलला."

"काय बोलला?"

"बोलला, तुले एक दिवस या चुडैलच्याच हातून मार खाऊ घालतो बे. म्या सोताच्या कानानं ऐकलं."

माणूस सरळ होता. त्याचा काही फायदा नव्हता, आणि सांगताना त्याला वाईटही वाटत होतं. अशी खबर पक्की समजावी, असं मी बावीस वर्षांत शिकलो होतो.

ठाणेदार साहेब बंदोबस्तावर होते. फोनवर सगळं ऐकून म्हणाले, "धमकी त्याची, बटण त्यानंच दाबलं, आणि मार त्याच माणसाला. तीनशे सात लागते हे. उद्या दसऱ्याची सुटी आहे, पण ड्युटीवर न्यायाधीश असतात. दुपारी चारच्या आत अटक दाखवून हजर करा."

तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न. सहज जामीन होत नाही, माणूस दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त आत जाऊ शकतो. मी भूतबंगल्याला सील लावलं, एक होमगार्ड बसवला आणि वायरमनला ठाण्यात आणलं.

जबाब घेताना मी आवाज चढवत नाही. आवाज चढवला की माणूस आवाजाला उत्तर देतो, प्रश्नाला नाही. चहा दिला आणि विचारलं, "धमकी दिली होतीस?"

"देल्ली जी. राग आला होता."

"मग बोर्डात काय फेरफार केलास?"

"म्या आज बोर्डाले हातच नाई लावला. हत्यारच उचललं नाई आज."

"दिवसभर मेळ्यात होतास, आणि हत्यार उचललं नाहीस?"

"आज खंडेनवमी हाय साहेब. हत्यारं पूजेत हायत."

हे त्यानं असं सांगितलं की जणू मीच वेड्यासारखं विचारतोय. नवमीला हत्यारांची पूजा मांडतात आणि मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत उचलत नाहीत. आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होते. तरी मला वाटलं, पळवाट चांगली शोधली गड्यानं. सकाळी जाऊन हे खोटं पकडायचं, असं ठरवूनच मी अटकेचा कागद सकाळवर ठेवला.

भुताची बायको त्या संध्याकाळी ठाण्यात आली. ती रडली नाही. फिर्याद ऐकून घेतली, अंगठा दिला आणि म्हणाली, "साहेब, तो ओरडून पोट भरते. आता जबडाच बांधला तं ओरडीन कसा? ज्यानं केलं त्याले सोडू नका. आन् ज्यानं नाई केलं त्याले धरू नका, मंग माह्याच माथी त्याचं पाप." हे वाक्य मी फिर्यादीत लिहिलं नाही. लिहायला जागाच नसते.

दसऱ्याच्या सकाळी मी ठाण्यात पोचलो तर मालक आधीच येऊन बसला होता. "साहेब, बोर्ड जळला वाटते. सील उघडा, नवा टाकून घेतो. आज सगळ्यात जास्त पब्लिक येते." मी म्हटलं, पंचनामा झाल्याशिवाय काही हलणार नाही. तो उठला, दारापर्यंत गेला आणि मग परत फिरून विचारलं, "त्याची तब्येत कशी हाय जी?" माणसं काय विचारतात यापेक्षा आधी काय विचारतात, ते मी मनात टिपून ठेवतो. टिपून ठेवलं.

दोन पंच घेऊन भूतबंगल्यावर गेलो. मागच्या राहुटीत पाट मांडलेला होता. त्यावर पक्कड, टेस्टर, दोन पेचकस, वायर सोलायची कात्री, सगळं एकत्र ठेवून वरून लाल नाडा गुंडाळून बांधलेला. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. नाड्याची गाठ तशीच, अक्षता पेचकसाच्या टोकाला चिकटून वाळलेल्या. एकही हत्यार ओढून काढलं असतं तर ते सगळं सांडलं असतं. मी खोटं पकडायला गेलो होतो, आणि समोर खरं मांडून ठेवलेलं होतं.

बाजूला प्रसादाचं ताट होतं, त्यात फळं कापायचा चाकू. त्याचं टोक तुटलेलं.

मग बोर्ड पाहिला. निळ्या डबड्यांखाली बारीक स्क्रू असतात, वायर दाबून धरायला. सगळे स्क्रू स्वच्छ. फक्त चुडैलच्या रिलेवरचे दोन ओरबाडलेले, खाच वेडीवाकडी. पेचकस बसला की असं होत नाही. फळीच्या खाली धातूचा एक बारीक तुकडा चमकला. चिमट्यानं उचलून चाकूला लावला, तर बरोबर बसला. पंचांपैकी एक म्हातारे दुकानदार होते. ते म्हणाले, "साहेब, हे तं चाकूनंच उघडलं कोणीतरी."

इथवर माझं काम मला येत होतं. पुढचं येत नव्हतं. कुणीतरी बोर्डाला हात लावला हे कळलं, पण हात लावल्यानं बंदचं बटण दाबून चुडैल उठते कशी? आणि तसं असेल तर दुपारभर खेळ नीट कसा चालला? घड्याळात साडेनऊ. चारच्या आत हजर करायचं. ठाणेदार साहेबांना फोन करून सांगितलं, "सर, मला यातलं कळत नाही. कळणारं माणूस पाहिजे." मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मग शोधा ना. मलाही कळत नाही."

शोधता शोधता वर्ध्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेणाऱ्या मॅडमचा नंबर मिळाला. दसऱ्याचा दिवस, घरी पाहुणे. मी संकोचतच सांगितलं. बाई म्हणाल्या, "एका माणसाच्या दहा वर्षांचा प्रश्न आहे नं? पूजा झाली माझी, निघते." सव्वा अकराला स्कूटीवरून आल्या. आधी सगळ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, मग पिशवीतून एक बल्ब, थोडी वायर आणि स्वतःचा पेचकस काढला. त्यांचे उपकार मी अजून मानतो.

"साहेब, तुम्हाला किती येते ते आधी सांगा. तिथून सुरू करते."

"बटण दाबलं की बल्ब लागतो, एवढं."

"बस झालं."

पंचांसमोर त्यांनी दाखवलं. प्रत्येक रिलेला तीन भोकं. मधल्यात करंट येतो. एका बाजूच्या भोकात वायर लावली तर रिले चालू झाल्यावर करंट पुढं जातो. दुसऱ्या बाजूच्या भोकात लावली तर उलटं, रिले बंद असताना जातो. सात रिलेंच्या वायरी एकाच बाजूला होत्या. चुडैलची एकटी दुसऱ्या बाजूला. मॅडमनी तिच्या जागी बल्ब जोडला, कॉम्प्युटरशिवायच आठही रिले चालू करून घेतले आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही लाल बटण दाबा."

मी दाबलं. सगळं बंद झालं, आणि बल्ब लागला.

आदल्या दिवशी मीच म्हटलं होतं की बंद केल्यावर दिवा लागत नाही. माझ्याच बोटानं लागला होता.

"पण मॅडम, मग दुपारभर खेळ बरोबर कसा चालला? ही तर सारखी उठलेलीच राहिली असती."

"तेच बघायचं आहे. कॉम्प्युटर उघडा."

त्याला पासवर्ड होता. वायरमनला विचारलं, तो म्हणाला, "मले नाई माहीत जी. माह्याकडं फक्त लाल बटण. बाकी शेट करते." मालकाला बोलावलं. त्यानं पासवर्ड टाकला तेव्हा त्याचं बोट दोनदा चुकलं. मॅडमनी खेळाची यादी उघडली. आठ ओळी. चुडैलच्या ओळीपुढं 'उलट' अशी खूण केलेली होती. म्हणजे इतरांना उठायचं तेव्हा चालू, आणि हिला उठायचं तेव्हा बंद. बाकीचा वेळ हिचा रिले चालू ठेवून हिला खाली बसवलेली.

मॅडम म्हणाल्या, "वायर उलटी लावली, मग हुकूमही उलटा केला. दोन उलटे मिळून खेळ सुलटा झाला. पण लाल बटण यादी पाहत नाही. ते सरसकट सगळे रिले बंद करते." आणि नवमीला ते बटण पहिल्यांदा दाबलं गेलं ते चार वाजताच.

मी मालकाकडं वळलो. चाकू आणि टोक टेबलावर ठेवलं. जिथं पुरावा समोर असतो तिथं गप्प बसणं हीच चौकशी असते.

तो खाली बघत बोलायला लागला. "सकाळी चुडैल उठून नाई राह्यली. म्या त्याले म्हटलं, पेचकस काढ. तं म्हणते, शेट, आज नाई, हत्यारं पूजेत हायत, उद्या मुहूर्तावर उचलीन. बाहेर रांग लागली. म्या म्हटलं, ठेव तुही पूजा, आन् चाकू घेतला. इकडची वायर काढून तिकडं लावली. उठली. मंग बसेच ना. तं कॉम्प्युटरात उलटं केलं. बराबर झाली."

"वायरमनला सांगितलं?"

"झालं चालू, एवढंच सांगतलं."

वायरमन भिंतीला टेकून उभा होता. तो एकदम म्हणाला, "शेट, म्या समजलो कॉम्प्युटरातूनच चालू झालं. वायर फिरवली हे एक बोलाचं होतं नं जी. म्या बटणच नसतं दाबलं. मेन बंद केलं असतं."

मी मालकाला विचारलं, "काल गप्प का राहिलात?"

"काल मले खरंच समजलं नाई साहेब. घरी जाऊन इचार करता करता समजलं."

"आणि आज सकाळी?"

तो चाकूकडं बघत म्हणाला, "सकाळी म्या बोर्ड बदलाले आलतो."

हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं जबाबात घेतलं. त्याला वाचून दाखवलं. त्यानं सही केली.

तीनशे सात गेलं. यंत्राच्या बाबतीत निष्काळजीपणा आणि त्यातून गंभीर दुखापत, ही कलमं मालकावर लागली. ठाणेदार साहेब आले, कागद स्वतः वाचले आणि म्हणाले, "बरं झालं, कळत नाही म्हणालात. मला तर वाटत होतं मला कळलंय." वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन मी भुताला सांगितलं. त्याचा जबडा बांधलेला होता, पण डोळ्यांतला संताप आधी नरमला आणि मग वायर पिळल्यासारखी बोटं फिरवून, म्हणजे वायरमनसाठी, त्यानं हात जोडले. त्यालाही बिचाऱ्याला वाटत होतं की यानंच मारलं.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. रांगेतल्या पाच माणसांनी खरं सांगितलं. बंदुकवाल्यानं खरं सांगितलं. वायरमननंही पहिल्यापासून खरंच सांगितलं, बटण मी दाबलं म्हणून. आणि एवढ्या सगळ्या खऱ्यांची गोळाबेरीज करून मी एक चूक लिहायला निघालो होतो. साक्षीदार खोटं बोलला की पोलिसाला बोचतं, तो सावध होतो. सगळे खरं बोलतात तेव्हा पोलीस निवांत होतो, आणि घोळ तिथं होतो. पुढं नोकरी संपेपर्यंत, सगळे जबाब एकमेकांशी जुळले की मी आणखी एक माणूस शोधायचो, त्या कामातलं, त्या हत्यारातलं जाणणारं. त्याच्यापुढं मला किती कमी कळतं हे सांगायला लाजलो नाही. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला ही एक सोय असते. आपल्याला येत नाही हे त्याला आधीच माहीत असतं.

दुपारी साडेतीनला वायरमनला सोडलं. त्याची हत्यारं मुद्देमालात जमा होती, कोर्टाच्या आदेशाशिवाय देता येत नव्हती. दसऱ्याच्या दिवशी तो रिकाम्या हातानं ठाण्याच्या पायऱ्या उतरला. मग थांबला, वळून परत आला.

"साहेब, एक इचारू का? म्या काल पेचकस उचलला असता तं त्याचा जबडा वाचला असता नं जी?"

भारतीय दंड संहितेत याला उत्तर नाही. मला जे खरं वाटलं ते सांगितलं.

"वाचला असता. पण पूजेतलं हत्यार न उचलणं हा गुन्हा नाही. आता पुढं एवढं कर. कुणी म्हणालं झालं चालू, की बटणाला हात लावायच्या आधी विचार, चालू कसं केलं."

तो म्हणाला, "इचारीन जी." आणि बस स्टँडवर न जाता वर्ध्याच्या दवाखान्याकडं जाणाऱ्या ऑटोत जाऊन बसला.